चूक घेणारी बाई

माफी मागण्याचं कामही कुणाच्या तरी पगारात धरलेलं असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. ताईच्या पगारात ते धरलेलं होतं. फक्त तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका मध्यम ऑफिसात ती वीसेक वर्षं काम करत होती. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान, त्यामुळे नव्या कोऱ्या नकाशांनाही रबराचा वास यायचा. भिंतीवर बक्षिसांच्या फ्रेमा, काचेच्या कपाटात इमारतींची चिमुकली मॉडेलं, आणि ह्या सगळ्या सौंदर्यदृष्टीच्या पाठीमागे एक संडास, ज्याची कडी मोडून जमाना झाला होता. आत गेलेल्याने एका हाताने दोरी धरून बसायचं. लोकांना दवाखाने आणि शाळा बांधून देणाऱ्या ऑफिसात इतक्या वर्षांत एक कडी बसली नाही, आणि कुणाला त्याची लाजही वाटत नव्हती. ताई त्या ऑफिसातली सगळ्यांत जुनी आर्किटेक्ट. ड्रॉइंग करणाऱ्या पोरापोरींपासून खुद्द सरांपर्यंत सगळे तिला ताई म्हणत.

रीत अशी होती. सर म्हणजे ऑफिसचे मालक. सरांची काही चूक झाली, आणि ती होतच असे, की गिऱ्हाईक मीटिंगमध्ये तोंड उघडे. सर तेवढ्यात छताकडे बघायला लागत, जणू पंखा पहिल्यांदाच बघताहेत. मग ताई घसा साफ करून म्हणे, "माझ्याकडून राहिलं ते. माझंच चुकलं." गिऱ्हाईक म्हणे, असू द्या हो, होतं असं. चहा येई. सर पंख्यावरून खाली उतरत. चूक दुरुस्त होई आणि गिऱ्हाइकाचं तोंड गोड राही. चूक ताईची नाही हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे, चहा आणणाऱ्यालाही ठाऊक असे. तिच्या बोलण्यावर कुणीच विश्वास ठेवत नसे, म्हणून तर ते चालत असे. जिना उतरताना सर म्हणत, "वाचवलंस गं." झालं, विषय संपला.

आता सर काही राक्षस नव्हते. ताईची लेक तान्ही असताना तीन ठिकाणी तिला नको म्हटलं होतं, तेव्हा सरांनी नोकरी दिली. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी सर दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी बसून राहिले होते आणि पूर्ण वेळ पेपरातलं कोडं सोडवत होते, तेही तिला धीर वाटावा म्हणून मोठमोठ्याने. असल्या माणसासाठी चारचौघांत दोन शब्द बोलले तर काय झिजतं, असं तिला वाटे. ह्या रीतीची किळस येत नव्हती असं नाही. येई, पण ऑफिसातल्या त्या संडासाची येते तशी. नाक दाबायचं, काम उरकायचं, बाहेर यायचं.

मग पलीकडचे आले.

पलीकडचे म्हणजे परदेशातली एक मोठी डिझाइन कंपनी. शहरात लहान मुलांचं नवं हॉस्पिटल व्हायचं होतं. मूळ कल्पना पलीकडच्यांची, आणि ती इथल्या मापात, इथल्या विटासिमेंटात बसवायचं काम सरांच्या ऑफिसाचं. दोन्हीकडच्यांची इंग्रजी सारखीच मोडकी, त्यामुळे भाषेची अडचण फारशी नव्हती. अडचण वेगळीच होती, आणि ती सोडवायला ताई होती. पलीकडच्यांच्या प्रमुख बाईला एखादं ड्रॉइंग मुळीच आवडलं नाही, की ती मान तिरकी करून म्हणे, "इंटरेस्टिंग." पहिले दोन महिने सगळं ऑफिस ह्या शब्दावर खूश होतं. मग ताईच्या लक्षात आलं की इंटरेस्टिंग म्हटलेली एकही गोष्ट पुढच्या कागदावर जिवंत राहत नाही. तेव्हापासून ऑफिसात त्या बाईचं नाव इंटरेस्टिंगबाई पडलं. उलट सर एखाद्या गोष्टीला "बघतो" म्हणाले, की पलीकडचे बिचारे बघितल्याची वाट बघत बसत. बघतो म्हणजे नाही, हे इंटरेस्टिंगबाईला ताईनेच समजावलं. बाईने ते वहीत टिपून घेतलं आणि शाळकरी मुलीसारखी खूश झाली. तिला इथल्या माणसांच्या तऱ्हा गोळा करायचा छंदच होता. कुणी शिंकलं तरी विचारायची, ह्याचा तुमच्याकडे काही अर्थ असतो का.

पण बाईला ताईचं काम आवडलं होतं, हेही खरं. हॉस्पिटल दोन टप्प्यांत होणार होतं. पहिल्यात तपासणीच्या खोल्या, दुसऱ्यात मुलांचे वॉर्ड. वॉर्डांचं काम ताईने स्वतःच्या नावावर, प्रमुख म्हणून करावं, असं इंटरेस्टिंगबाईने आपण होऊन सुचवलं. इतक्या वर्षांत ताईच्या नावावर एक बसस्टॉपही नव्हता. सगळं सरांच्या नावाने उभं राहिलेलं. त्या दिवशी ती घरी गेली आणि चप्पल काढायच्या आधी सासूबाईंना सांगून मोकळी झाली. सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, आणि सांगता सांगता वॉर्डाचं अख्खं हॉस्पिटल करून टाकलं. चष्म्याच्या दुकानात काम करणारा नवरा तर येईल त्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवता ठेवता बायकोची बातमी ऐकवायला लागला. ताई रागावल्यासारखं करी. मनातून ती मुलांच्या खाटांशेजारी खिडक्या किती खाली घ्याव्यात, म्हणजे झोपल्या झोपल्या त्यांना रस्ता दिसेल, ह्याचाच विचार करत असे.

सरांना गोलाईचं वेड होतं. सरळ भिंत दिसली की त्यांना आपला कुणी अपमान केल्यासारखं वाटे. पहिल्या टप्प्याचे नकाशे पूर्ण होत आले आणि शेवटच्या आठवड्यात सरांनी मधल्या कॉरिडॉरच्या वळणावर एक गोल भिंत घातली. ताईने पट्टी लावून त्यांना दाखवलं, सर, खाट इथून वळणार नाही, सलाइनचा दांडा भिंतीला लागेल. सर म्हणाले, बघतो. तेच ड्रॉइंग पलीकडे गेलं, इंटरेस्टिंगबाईने मान तिरकी केली आणि म्हणाली, इंटरेस्टिंग. ताईने सरांना पुन्हा सांगितलं, सर, बाईला नको आहे ती भिंत. सर हसले. म्हणाले, तुझं काहीतरीच, खूश झालीय ती, डोळे बघितलेस का तिचे. पलीकडच्यांनी आपल्या मते भिंत नाकारली होती, सरांच्या मते त्यांनी ती डोक्यावर घेतली होती, आणि भिंत मात्र दोघांच्या कृपेने जागच्या जागी राहिली.

पलीकडच्यांची एक पद्धत होती. बांधायच्या आधी खरीखुरी मापं घेऊन प्लायवूडचा नमुना उभा करायचा आणि त्यात वावरून बघायचं. एका रिकाम्या गोदामात तो कॉरिडॉर उभा केला. इंटरेस्टिंगबाई आपली दोन माणसं घेऊन विमानाने आली. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर आले. हॉस्पिटलातून खरी खाट आणली होती, आणि डॉक्टर इतके हौशी, की पेशंट म्हणून स्वतःच तिच्यावर आडवे झाले. खाट ढकलली. वळणावर ती तिरकी झाली आणि फसली. मागे घ्यायला गेले तर चाक प्लायवूडच्या फटीत अडकलं. दोन्ही बाजूंना भिंत, त्यामुळे डॉक्टरांना खाली उतरता येईना. शहरातले एवढे नावाजलेले डॉक्टर पोटावर हात घेऊन, बूट वर करून पडून होते आणि विचारत होते की अजून किती वेळ आहे.

कुणी हसलं नाही. सर गोदामाच्या पत्र्याकडे बघायला लागले. ताईचा घसा आपोआप साफ झाला.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "माप बघायचं माझ्याकडून राहिलं."

खरं तर ह्या बाईला ती ओळखून होती. ही माणसं शब्द जसा पडेल तसा उचलतात, हे साऱ्या ऑफिसला तिनेच शिकवलं होतं. पण जिभेला इतक्या वर्षांचं वळण पडलेलं. इथली सगळी मंडळी जरा सैलावली, कुणीतरी चहाचं बघायला गेलं. आणि इंटरेस्टिंगबाईने लॅपटॉप उघडला.

हे तुमच्या कधी लक्षात आलं, तिने विचारलं. आत्ताच, ताई म्हणाली. तपासणी कुणी करायची होती? मीच. आणखी कुणाला हे माहीत होतं? नाही. एकदा ते नाटक सुरू केलं की मधेच सोडून कसं चालेल, म्हणून ताई प्रत्येक प्रश्नाला अंगावर घेत गेली, आणि ती बाई टकटक टकटक टाइप करत गेली. सगळं झाल्यावर तिने ताईच्या खांद्यावर हात ठेवला, प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि म्हणाली, आमच्याकडे दोष कुणालाच देत नाहीत, चूक म्हणजे शिकायची संधी. तिच्याबरोबरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात डॉक्टरांना पायाकडून ओढून बाहेर काढलं, त्यामुळे टाळ्या नक्की कशासाठी हे बऱ्याच जणांना कळलं नाही.

जिना उतरायचा नव्हता, पण गोदामाच्या दारात सर म्हणालेच, "वाचवलंस गं."

थोड्या दिवसांनी पलीकडून मेल आली. भाषा अशी गोड की वाचून दातांना मुंग्या याव्यात. झालेल्या चुकीचा अहवाल हॉस्पिटलला दिला आहे, दोष कुणालाच नाही, आणि ताईंवर पडलेला ताण लक्षात घेऊन दुसऱ्या टप्प्याचं प्रमुखपद पलीकडच्याच एका तरुण आर्किटेक्टकडे दिलं आहे, ताई त्याला मदत करतील. शिवाय ताईंच्या प्रगतीसाठी एक ऑनलाइन कोर्स ठरवला आहे. दोष कुणालाच नाही आणि काम तेवढं काढून घेतलं. सरळ शिवी दिली असती तरी बरं होतं, असं ताईला वाटलं. इथल्या कुठल्याही गिऱ्हाइकाने चार माणसांत तिला फाडून खाल्लं असतं आणि संध्याकाळी फोन करून विचारलं असतं, राग नाही ना आला. इथे आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही, गळा मात्र कापला गेला.

तो कोर्स तिने घरी, जेवणाच्या टेबलावर केला. माप कसं घ्यावं, हा विषय. पडद्यावर हातपाय फुटलेली एक पेन्सिल नाचत यायची आणि पट्टी शून्यापासून धरायची असते हे सांगायची. बरोबर उत्तर दिलं की पेन्सिल डोळा मारायची. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं की हे लेकीच्या शाळेचं जुनं काही आहे का. लेक आता कॉलेज संपवत आली होती. ताई म्हणाली, नाही आई, माझं आहे. सासूबाई आत निघून गेल्या. त्या न बोलता गेल्या म्हणजे त्यांना सगळं समजलं होतं.

नवऱ्याचं म्हणणं सोपं होतं. सरांनी एक ओळ लिहावी, की गोल भिंत माझी होती. बस. काम परत मिळेल. ताईलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी ती सरांच्या केबिनमध्ये गेली. सर पेनाच्या टोपणाने कान कोरत बसले होते. ही सवय जुनी, पण त्या दिवशी ताईची नजर टोपणावरून हटेना. तिने सांगितलं, सर, एवढी एक ओळ लिहा, वॉर्डाचं काम मला पाहिजे आहे. ह्या माणसाकडे इतक्या वर्षांत तिने काहीच मागितलं नव्हतं. सरांनी टोपण बाहेर काढलं, त्यावर काय आलंय ते बारकाईने बघितलं, टेबलाच्या कडेला पुसलं आणि म्हणाले, "अगं, कागद आहे तो नुसता. बघतो."

बघतो. हा शब्द ताईने परक्या बाईला फोड करून शिकवला होता. आता तो तिच्याच पदरात पडला होता. तिला मळमळलं, त्या टोपणामुळे की शब्दामुळे हे सांगता आलं नसतं.

तिने आठवडाभर वाट बघितली आणि मग स्वतःच इंटरेस्टिंगबाईला व्हिडिओवर गाठलं. बाईच्या मागे पांढरी भिंत, पांढऱ्या कुंडीत एक पान, पांढरा कप. त्या घरात कुणी कधी शिंकलं तरी असेल का, असं वाटावं इतकं स्वच्छ. ताईने एका दमात सगळं सांगितलं. भिंत सरांची. मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. आमच्याकडे वरच्याची चूक खालच्याने आपल्या अंगावर घ्यायची रीत असते, ती बोलायची पद्धत आहे, तिचा अर्थ कुणी खरा धरत नाही.

बाईचे डोळे चमकले. वही पुढे ओढत ती म्हणाली, "इंटरेस्टिंग." मग तिने बराच वेळ लिहून घेतलं. हे फक्त ऑफिसात असतं की घरातही, असंही विचारलं. ताई आशेने सांगत राहिली. लिहिणं संपल्यावर बाईने पेन खाली ठेवलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "पण मग मुलांच्या सुरक्षिततेच्या मीटिंगमध्ये तुम्ही खोटं बोललात. माप चुकणं आम्ही समजू शकतो. हे त्याहून गंभीर आहे."

ताईला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण बाईचं काही चुकत नव्हतं. खोटं तर ती बोललीच होती, खाटेवर उद्या खरी मुलं झोपणार होती. इथे ज्याला मोठं मन म्हणतात त्याला तिकडे लबाडी म्हणतात, आणि ती दोन्हीकडची हमाली करणारी मधल्यामध्ये चेचली गेली होती. त्या पांढऱ्या भिंतीकडे बघताना तिला शिसारी आली. आपल्या बोलण्याचीही आली. बाईने गोड हसून कळवलं की पुढच्या मीटिंगमध्ये ती सरांना थेट विचारेल, सगळ्यांसमोर, मोकळेपणाने. सर खरं सांगतील ना? ताई म्हणाली, विचारून बघा.

मीटिंग ऑफिसातच झाली. मोठे डॉक्टर आले होते, पडद्यावर पलीकडचे होते. टेबलाच्या एका टोकाला ताई, तिच्या शेजारी अकाउंटंटबाई, जिच्याबरोबर ती रोज डबा खात असे. खोलीत एसी बंद पडलेला, सकाळच्या कॉफीचे कप तसेच, एकात माशी तरंगत होती. वॉर्डांचं काम त्या तरुण मुलाचं की ताईचं, हे आज ठरणार होतं. सरांना प्रश्न येणार हे ताईने त्यांना आधीच सांगितलं होतं. सर म्हणाले होते, येऊ दे की.

इंटरेस्टिंगबाईने विचारलं, गोल भिंत कुणाची होती आणि खाट वळणार नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का.

सर आता छताकडे बघणार, असं ताईने धरलंच होतं. पण सरांनी वर बघितलं नाही. त्यांनी टेबलावरचे दोन्ही हात उचलले, छातीशी नेले, मान खाली घातली आणि म्हणाले, "चूक माझी आहे. ताईची नाही. जी काही शिक्षा असेल ती मला द्या."

शब्दाला शब्द खरा होता. अक्षरही खोटं नव्हतं. पण म्हणण्याची तऱ्हा. तो खोल गेलेला आवाज, ती झुकलेली मान, ती शिक्षेची भाषा. ताईने इकडेतिकडे बघितलं, तर मोठ्या डॉक्टरांचे डोळे पाणावले होते. ते म्हणाले, हाताखालच्या माणसाची चूक अशी अंगावर घ्यायला काळीज लागतं. ड्रॉइंगच्या पोरी एकमेकींकडे बघून माना हलवायला लागल्या. अकाउंटंटबाईने टेबलाखाली ताईचा हात दाबला आणि कुजबुजली, नशीबवान आहेस.

पडद्यावर इंटरेस्टिंगबाई हसत होती. अशी हसत होती, जशी अवघड पेपरातला प्रश्न ओळखीचा निघाल्यावर माणसं हसतात. ती म्हणाली, मला ही तुमची पद्धत आता माहीत आहे. दुसऱ्याची चूक आपल्यावर घ्यायची. सर ताईंना वाचवण्यासाठी बोलताहेत, त्याचा मी आदर करते. पण अहवाल खऱ्या गोष्टींवर चालतो, तेव्हा तो आहे तसाच राहील.

म्हणजे ताई खोटं बोलली तेव्हा ते खरं धरलं गेलं, आणि सर खरं बोलले तेव्हा ते खोटं ठरून त्यांच्या मोठेपणात जमा झालं. आणि ह्या हुशारीची शिकवणी ताईनेच फुकटात घेतली होती. समोरच्या कपातली माशी अजून पाय हलवत होती. गप्प बसायचं म्हटलं असतं तर आताही जमलं असतं. सर थोर ठरले होते, तिला चारचौघांत माफ केलं होतं, चहा आता येतच असेल.

ताई उभी राहिली.

"सर खरं सांगताहेत," ती म्हणाली. "चूक त्यांचीच आहे. मी त्यांना आधी सांगितलं होतं."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घालेपर्यंत तिच्याकडे बघायचं टाळलं. अकाउंटंटबाईचा हात टेबलाखालून निघून गेला. एवढा मोठा माणूस हिला झाकतोय आणि ही खुशाल त्याच्यावर ढकलतेय, हे प्रत्येकाच्या तोंडावर इतकं स्वच्छ उमटलं होतं, की कुणाला बोलायची गरजच पडली नाही. उकिरड्याजवळून जाताना माणसं जशी तोंडं करतात तशी तोंडं, आणि ती तिच्याकडे बघून केलेली. सरांनी मान आणखी खाली घातली. इंटरेस्टिंगबाईने वहीत काहीतरी टिपलं आणि पुढचा विषय घेतला. तरुण मुलाने पडद्यावर वॉर्डांचा पहिला नकाशा लावला. खिडक्या माणसाच्या छातीइतक्या उंच होत्या. खाटेवरून रस्ता दिसलाच नसता.

मीटिंग संपल्यावर सगळे चहाला गेले. तिच्यासाठी कुणी थांबलं नाही. सर मात्र मागे राहिले. ते दुखावलेले दिसत होते, आणि सोंग म्हणून नाही, मनापासून.

"एवढं स्पष्ट बोलायची काय गरज होती गं?" ते म्हणाले. "तू म्हणालीस तसं सांगितलं ना मी? सगळ्यांसमोर सांगितलं. ह्या वयात. आणखी काय करायला हवं होतं?"

ताईने त्यांच्याकडे बघितलं. पांढरे झालेले केस, शर्टाच्या खिशात ते पेन.

"तुम्ही सांगितलंत, सर," ती म्हणाली. "पण कुणाला खरं वाटणार नाही असं सांगितलंत."

सर विचार करायला लागले. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. दवाखान्याच्या बाकावर पेपरातला एखादा शब्द अडला की ते अस्सेच दिसत. ताई थांबली. ह्या माणसाला कळलंय आणि तो वेड घेऊन पेडगावला जातोय, असं दिसलं असतं तर ती चिडली असती, भांडली असती, कदाचित उद्या पुन्हा कामालाही आली असती. पण सरांनी शेवटी मान हलवली, सोडून दिलं, आणि दाराकडे जाता जाता ओळखीच्याच मायेने म्हणाले, "चल, चहा घे. रडू नकोस. मी काही मनात ठेवत नाही."

त्यांनी तिला माफ केलं होतं. त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं, आणि कळणारही नव्हतं. ताई रडत नव्हती. तिने खुर्चीवरची पर्स उचलली, टेबलावरचे कप, माशी, पडद्यावर तसाच राहिलेला तो नकाशा, सगळं होतं तिथे राहू दिलं आणि चहाच्या खोलीवरून सरळ जिन्याकडे गेली. पाठीमागून सर कुणाला तरी सांगत होते, बोलली असेल रागाच्या भरात, येईल उद्या. तेवढ्यात कुणाचा तरी आवाज आला, सर, तुम्ही फारच चांगले आहात. ताई जिना उतरली आणि रस्त्याच्या कडेला, टायरच्या दुकानासमोर, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून ओकली. दुकानदाराने पाणी आणून दिलं. तिने चूळ भरली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, त्यानंतरही नाही.